हिशेब जुळेपर्यंत: प्रोग्रॅमिंगला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

चांगला प्रोग्रॅमर व्हायला काय लागते, असे विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या भाषेचे नाव ऐकायचे असते: पायथॉन घ्यावी, जावा घ्यावी की सी. माझे उत्तर ऐकून त्याची थोडी निराशा होते. आपला प्रोग्रॅम चुकीचे उत्तर देतो आहे हे दुसऱ्याने दाखवण्याआधी आपल्याला कळले पाहिजे, आणि ते उत्तर का चुकले हे अंदाजाने न सांगता शोधून सांगता आले पाहिजे. ज्याला एवढे साधते त्याला भाषा कोणतीही चालते. म्हणून पुढील सर्व टप्पे एकाच लहान कामाभोवती मांडले आहेत, आणि ते काम मुद्दाम असे निवडले आहे की त्याचे बरोबर उत्तर कागदावर आधीच काढता येते.

हे काम म्हणजे बचत गटाचा हिशेब. बारा सभासद, दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत, गटातूनच दिलेली अंतर्गत कर्जे, त्यांवर घटत्या शिलकीने दरमहा दीड टक्का व्याज, उशीर झाल्यास दंड आणि वर्षअखेरीस नफ्याची वाटणी. घरातील किंवा ओळखीतील एखाद्या गटाची वही मिळाली तर परवानगी घेऊन आणि नावे बदलून ती वापरा. न मिळाल्यास बारा काल्पनिक नावे घेऊन तीन महिन्यांच्या नोंदी स्वतः लिहून काढा. पडद्यावर उड्या मारणारा चेंडू किंवा गणकयंत्र यांपेक्षा हे काम रुक्ष वाटेल. तरीही मी ते सुचवतो, कारण चेंडू किंचित वाकडा उडाला तर कोणाच्या लक्षातही येत नाही, पण एका रुपयाचा फरक बैठकीत बसलेल्या बारा बायकांपैकी कोणीतरी नक्की पकडते.

साधनांबद्दल फार बोलण्यासारखे नाही. चालू स्थितीतील जुना लॅपटॉप पुरतो. मोबाइलवर शिकण्याचा हट्ट मात्र धरू नये, कारण प्रोग्रॅम लिहिताना एका वेळी बराच मजकूर डोळ्यांसमोर असावा लागतो. भाषा म्हणून पायथॉन घ्या. ती १९९१ साली प्रथम बाहेर आली, मोफत मिळते, आणि तिची मांडणी नवशिक्याच्या मार्गात फारशी आडवी येत नाही. शिकवण्यांची वानवा नाही: आयआयटी आणि आयआयएससी यांच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटेल या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात अनेक विषयांचे पाठ मराठी निवेदनासह ऐकता येतात. एमएस-सीआयटी झाले आहे म्हणजे अर्धे काम झाले, असा समज मात्र करून घेऊ नका. तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो, आणि ते वेगळे कौशल्य आहे.

पहिला टप्पा: संगणक बंद ठेवून

पहिला आठवडा वही आणि पेन एवढेच वापरा. गटाचे सर्व नियम मराठीत, पूर्ण वाक्यांत, क्रमाने लिहा. त्यानंतर प्रत्येक वाक्य एखाद्या अतिशय आज्ञाधारक पण सामान्य ज्ञान अजिबात नसलेल्या माणसाला द्यायचे आहे, असे समजून वाचा. ‘बचत ५ तारखेपर्यंत भरावी, अन्यथा १० रुपये दंड’ हा नियम बैठकीत सर्वांना समजतो. पण ५ तारखेलाच भरले तर दंड लागतो का? ‘पर्यंत’ या शब्दात शेवटचा दिवस धरायचा की नाही, हे मराठीत संदर्भाने ठरते. पायथॉनमध्ये ते भाषेनेच ठरवून टाकले आहे: आकड्यांची ओळ देणाऱ्या ‘रेंज’ला १ आणि ५ हे आकडे दिले की ती १, २, ३, ४ एवढेच देते आणि पाचावर थांबते. बारा महिन्यांचा हिशेब करताना १ ते १२ लिहिणाऱ्याचा डिसेंबर गळतो तो यामुळेच.

अशा प्रश्नांची एक यादी तयार होईल. कर्ज महिन्याच्या मध्यावर घेतले तर त्या महिन्याचे व्याज पूर्ण की अर्धे? सभासद वर्षाच्या मध्येच गट सोडून गेली तर नफ्यात तिचा वाटा किती? कोणी हप्त्यापेक्षा जास्त रक्कम दिली तर जादा रक्कम मुद्दलात जाते की पुढच्या हप्त्यात? या यादीतील उत्तरे तुम्ही स्वतः ठरवू नका, गटाच्या सचिवांना विचारा. दुसऱ्याच्या व्यवहाराचे नियम आपल्या सोयीने गृहीत धरणे ही नवशिक्याची सर्वांत महाग पडणारी सवय आहे आणि, खरे सांगायचे तर, अनुभवी माणसांचीही ती सहज सुटत नाही.

यानंतर तीन महिन्यांचा हिशेब हाताने पूर्ण करा. ही पाने जपून ठेवा, कारण पुढे प्रोग्रॅमची परीक्षा त्यांच्यावरच होणार आहे.

दुसरा टप्पा: थोडीशी भाषा

पुढचे तीन आठवडे व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव), अट, लूप (पुनरावृत्ती), फंक्शन (नाव दिलेला कामाचा तुकडा), लिस्ट (क्रमवार यादी) आणि डिक्शनरी (किल्ली देऊन नोंद शोधता येणारा संग्रह) एवढेच शिका, आणि रोज दीड तास तरी स्वतःच्या हाताने टंकून पाहा. शिकवणीतील प्रोग्रॅम कॉपी करून चिकटवू नयेत. टंकताना झालेली चूक, सुटलेला कंस, विसरलेला अपूर्णविराम (:) यांमुळे येणारे एरर हेच या टप्प्याचे खरे शिक्षण आहे. पायथॉनचा एरर-संदेश खालून वर वाचावा: शेवटच्या ओळीत काय बिघडले ते असते आणि तिच्या वर कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत बिघडले ते असते. लाल अक्षरे दिसताच खिडकी बंद करून पुन्हा सुरुवात करणारे विद्यार्थी मी पुष्कळ पाहिले आहेत. संदेश वहीत उतरवून काढा, शेजारी त्याचा अर्थ मराठीत लिहा. वीस-पंचवीस संदेशांनंतर तेच तेच पुन्हा येऊ लागतात.

इंग्रजी कच्चे आहे म्हणून थांबू नका. विचार मराठीतच करा. व्हेरिएबलची नावे रोमन अक्षरांत ‘शिल्लक’, ‘हप्ता’, ‘व्याज’ अशी ठेवली तरी प्रोग्रॅम तेवढाच चांगला चालतो. मात्र भाषेची अधिकृत माहिती इंग्रजीत वाचण्याला पर्याय नाही, आणि ती वाचण्यासाठी लागणारे इंग्रजी वर्तमानपत्राच्या इंग्रजीपेक्षा बरेच सोपे असते.

तिसरा टप्पा: कीर्द आणि खतावणी

आता माहिती साठवायची कशी, हा प्रश्न येतो. आपल्या हिशेबनीसांनी तो फार पूर्वी सोडवला आहे. रोजकीर्दीत जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहितात. खतावणीत तेच व्यवहार नावावार लावतात. पायथॉनच्या भाषेत कीर्द म्हणजे लिस्ट आणि खतावणी म्हणजे डिक्शनरी. यातील दुसरा धडा अधिक मोलाचा आहे: मूळ नोंद कीर्दीची असते आणि खतावणी तिच्यावरून केव्हाही पुन्हा तयार करता येते. म्हणून फाइलमध्ये फक्त व्यवहार साठवा, शिल्लक साठवू नका. शिल्लक प्रत्येक वेळी व्यवहारांवरून काढा. दोन ठिकाणी साठवलेली एकच गोष्ट आज ना उद्या दोन वेगवेगळी उत्तरे देऊ लागते, आणि मग त्यांतील खरे कोणते हे सांगणारे कोणी उरत नाही.

प्रत्येक कामासाठी एक लहान फंक्शन लिहा: एका महिन्याचे व्याज काढणारे वेगळे, दंड ठरवणारे वेगळे, फाइल वाचणारे वेगळे. फंक्शनचे नाव वाचून ते काय करते हे कळले नाही, किंवा नावात ‘आणि’ घालावे लागले, तर ते दोन तुकड्यांत मोडा.

चौथा टप्पा: पैसे मोजताना

पायथॉनमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून पाहा. उत्तर ०.३०००००००००००००००४ असे येते. संगणक बिघडलेला नाही. एक तृतीयांश हा अपूर्णांक आपल्या दशमान पद्धतीत ०.३३३ असा कितीही लांबवला तरी पुरा होत नाही, त्याचप्रमाणे एक दशांश हा अपूर्णांक संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत पुरा लिहिता येत नाही. यावर उपाय साधा आहे: रक्कम रुपयांच्या अपूर्णांकात न ठेवता पैशांच्या पूर्णांकात ठेवावी. २०० रुपये म्हणजे २०,००० पैसे. पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी पायथॉन तंतोतंत करते.

पण एवढ्याने सुटका होत नाही. १,५०० रुपये कर्जावर दीड टक्क्याने २२.५० रुपये व्याज होते. गट पूर्ण रुपयांतच व्यवहार करतो, म्हणून वहीत २३ लिहिलेले असते. पायथॉनचे ‘राउंड’ हे फंक्शन मात्र २२ देते. १,७०० रुपयांवर २५.५० होतात आणि तेच फंक्शन या वेळी २६ देते. याचे कारण असे की अपूर्णांक बरोबर अर्धा असेल तेव्हा पायथॉन जवळच्या सम संख्येकडे वळते. मोठ्या आकडेमोडीत बेरीज सतत एकाच बाजूला कलू नये, हा त्यामागील हेतू आहे. हेतू चांगला असला तरी गटाचा नियम तो नाही. गटाचा नियम हवा असेल तर पैशांच्या रकमेत ५० मिळवून १०० ने भागावे आणि पूर्णांक भाग तेवढा घ्यावा: २,२५० चे २,३०० होतात आणि उत्तर २३ येते.

वाटणीतही असाच पेच आहे. १,००० रुपये नफा बारा जणींत समान वाटला तर प्रत्येकीला ८३ रुपये ३३ पैसे मिळतात आणि चार पैसे उरतात. ते गटाच्या निधीत जमा करायचे की कोणाला द्यायचे, हे प्रोग्रॅमरने ठरवायचे नसते. मात्र ते उरतात हे लक्षात येणे, आणि योग्य माणसाला वेळीच विचारणे, हे त्याचेच काम आहे.

पाचवा टप्पा: चूक शोधणे

तुमचा प्रोग्रॅम आता चालेल, आणि हाताने केलेल्या हिशेबाशी जुळणार नाही. येथपर्यंतचा सारा खटाटोप या क्षणासाठी होता, तेव्हा घाई करू नका.

आधी फरक नेमका किती आहे आणि कोणाच्या खात्यात आहे, ते लिहा. मग बारा सभासदांवरून एकीवर या, तीन महिन्यांवरून एका महिन्यावर या. ज्यात चूक अजून दिसते असे लहानात लहान उदाहरण मिळेपर्यंत नोंदी कमी करत जा. त्यानंतर प्रोग्रॅमच्या मध्यावर रक्कम छापून पाहा. तेथे ती बरोबर असेल तर चूक पुढच्या अर्ध्यात आहे, नसेल तर मागच्या अर्ध्यात. असे अर्धे-अर्धे करत गेल्यास हजार ओळींचा प्रोग्रॅमही दहा पायऱ्यांत एका ओळीवर येतो. प्रत्येक वेळी प्रोग्रॅम चालवण्याआधी ‘येथे अमुक आकडा येईल’ असे कागदावर लिहा. तुमचा अंदाज जेथे खोटा ठरतो तेथेच तुमची समजूत आणि प्रोग्रॅम यांची फारकत झालेली असते. आणि एका वेळी एकच बदल करा; तीन बदल एकत्र केल्यावर हिशेब जुळला, तर कोणत्या बदलाने जुळला हे कधीच कळत नाही, आणि उरलेले दोन बदल पुढे केव्हातरी त्रास देतात.

सुरुवातीच्या काळात मी व्याजाच्या अशाच एका प्रोग्रॅममधील फरक शोधत दोन दिवस सूत्र तपासत बसलो होतो. सूत्रात काहीच चुकले नव्हते. मी परतफेडीच्या नोंदी तारखेच्या किल्लीने डिक्शनरीत ठेवल्या होत्या, आणि एका खातेदाराने एकाच दिवशी दोनदा पैसे भरले होते. दुसरी नोंद पहिलीच्या जागी बसली आणि पहिली नाहीशी झाली. शंका सूत्राची आली म्हणून मी सूत्रच पाहत राहिलो. मध्यावर थांबून नोंदी नुसत्या मोजल्या असत्या तरी पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

सापडलेली प्रत्येक चूक चाचणीच्या स्वरूपात कायम ठेवा. वेगळ्या फाइलमध्ये लहान उदाहरणे आणि त्यांची हाताने काढलेली उत्तरे लिहा: कर्ज शून्य असताना व्याज, ५ तारखेची बचत आणि ६ तारखेची बचत, एकाच दिवसाच्या दोन परतफेडी, शेवटचा हप्ता बाकीपेक्षा मोठा, १,५०० रुपयांवरचे व्याज. प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल केला की ही सगळी उदाहरणे पुन्हा चालवा. कंटाळवाणे आहे खरे, पण सुधारलेली चूक पुन्हा घुसण्यासारखी लाजिरवाणी गोष्ट या व्यवसायात दुसरी नाही.

सहावा टप्पा: नावे मराठीत

आतापर्यंत सभासदांना क्रमांक दिले असतील तर आता नावे देवनागरीत घाला. इंग्रजीतून शिकवणारे अभ्यासक्रम येथे फारशी मदत करत नाहीत, म्हणून जरा थांबतो.

‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. पायथॉनला लांबी विचारली तर ती आठ सांगते, कारण क, उकार, ऱ, हलन्त, ह, काना, ड आणि मात्रा हे सर्व तिच्या लेखी स्वतंत्र आहेत. फाइलमध्ये यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीने तेच आडनाव चोवीस बाइट घेते, प्रत्येकी तीन. म्हणून पडद्यावर रकाने सरळ लावताना मराठी नावे वेडीवाकडी पडतात आणि शब्द उलटा केला तर उकार अधांतरी लटकतो. फाइल उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहीत जा. विंडोजवर हे विसरल्यास नावांच्या जागी भलतीच चिन्हे दिसू शकतात.

याहून छुपी अडचण ‘ऱ’ची आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिपींच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात, एकसंध आहे, पण ‘र’ आणि खालचा नुक्ता जोडूनही तेच लिहिता येते, आणि ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही ‘ऱ्ह’ हुबेहूब तसाच दिसतो. दोन वेगळ्या कीबोर्डांवरून नोंदी भरल्या गेल्या तर एकाच बाईंची दोन खाती तयार होतात आणि पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात. पायथॉनच्या ‘युनिकोडडेटा’ या मॉड्यूलमधील (तयार फंक्शनांच्या संचातील) नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराची रूपे एकसारखी करण्याने, पहिले दोन प्रकार एक होतात. तिसरा मात्र स्वतः शोधून बदलावा लागतो. नाव फाइलमधून आत येताच हे शुद्धीकरण करा, पुढे कोठेही नको.

क्रमवारीचेही तसेच. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो ‘ल’ला लागून, ‘व’च्या आधी आहे. त्यामुळे साधी क्रमवारी लावली की काळे हे कावळ्यांच्या आधी येतात, आणि मराठी शब्दकोश पाहण्याची सवय असलेल्या सचिवांना यादी चुकल्यासारखी वाटते. त्यांचे म्हणणे बरोबर आहे. एक गंमत सांगण्यासारखी आहे: ‘१२५’ हा देवनागरी आकडा मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या पायथॉनच्या ‘इंट’ला दिला तर ती तो बिनतक्रार स्वीकारते; स्वल्पविराम घातलेला ‘२,०००’ मात्र कोणत्याही लिपीत नाकारते.

पुढची वाटचाल

प्रोग्रॅम पन्नास ओळींच्या पुढे गेला की प्रोग्रॅममधील बदलांचा इतिहास जपणारे गिट वापरायला सुरुवात करा. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिले. रोजचा प्रत्येक पूर्ण झालेला बदल त्यात नोंदवा आणि सोबत तो का केला हे एका वाक्यात लिहा. काय केले ते गिटला दिसतेच.

दुसऱ्यांचे प्रोग्रॅम वाचा. पायथॉनसोबत येणाऱ्या संग्रहातील ‘बायसेक्ट’ हे मॉड्यूल सुरुवातीला उत्तम आहे. क्रमाने लावलेल्या यादीत अर्धे-अर्धे करत शोध घेण्याचे काम ते करते, त्यामुळे दहा लाख नोंदींतही सुमारे वीस तुलना पुरतात. खालची आणि वरची सीमा मिळवून दोनने भागायचे, इतकी साधी ही कल्पना आहे. तरीही जावाच्या अधिकृत संग्रहातील याच शोधात सुमारे नऊ वर्षे चूक दडून होती, आणि मूळ लेखक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली ती स्वतः जाहीर केली: दोन सीमांची बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की जावाचा पूर्णांक उलटून ऋण होतो. पायथॉनचा पूर्णांक हवा तेवढा वाढतो, म्हणून तेथे हीच ओळ बिनधोक आहे. कोणतीही ओळ चांगली की वाईट हे ती कोठे चालते त्यावर ठरते, आणि हे समजण्यासाठी सहा-आठ महिन्यांनंतर सी भाषेत काही लहान प्रोग्रॅम अवश्य लिहा. स्मृतीत आकडा कसा बसतो हे ती लपवत नाही.

वेगाची काळजी आधी करू नका, पण वाढ कशी होते ते मोजायला शिका. दुबार नोंदी शोधताना प्रत्येक नोंद दुसऱ्या प्रत्येकीशी ताडून पाहिली तर बारा नोंदींत ६६ जोड्या होतात. एक लाख नोंदींत सुमारे ५०० कोटी. पायथॉनचा ‘सेट’ (एक गोष्ट एकदाच ठेवणारा संग्रह) वापरला तर एका फेरीत काम होते.

एआय साहाय्यकांबद्दल माझे मत काहीसे कडक आहे. पहिले सहा महिने त्यांच्याकडून प्रोग्रॅम लिहून घेऊ नका. स्वतः लिहिलेला दाखवून ‘कोणत्या नोंदींवर हा चुकेल’ असे विचारा, आणि मिळालेले उत्तर खरे आहे का ते चालवून पाहा. त्यानंतर मदत खुशाल घ्या, मात्र ज्या ओळीचे कारण सांगता येणार नाही ती आपल्या फाइलमध्ये राहू देऊ नका. तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासच्या जाहिरातींविषयी वेगळे काही सांगायला नको.

शेवटी हा प्रोग्रॅम सचिवांच्या हाती द्या आणि पुढचे दोन महिने वही व प्रोग्रॅम दोन्ही समांतर चालू ठेवायला सांगा. त्या तो वापरत असताना शेजारी बसा आणि काहीही सुचवू नका. त्या कोठे अडखळतात, कोणते बटण दोनदा दाबतात, कोणती रक्कम चुकीच्या रकान्यात भरतात ते टिपून घ्या. हिशेब जुळला नाही असा त्यांचा फोन आला, तर प्रोग्रॅम उघडण्याआधी दोन गोष्टी मागवा: त्या दिवशीच्या वहीच्या पानाचा फोटो आणि तुमच्या फाइलची प्रत.